घ्यायचं पाच, द्यायचं पाच

निमंत्रण द्यायला ती स्वतः दुकानात आली,
सियागंजाच्या मागे, जिथे गाडी वळतसुद्धा नाही.
रेवा पागनीस. एकल प्रदर्शन. चार ते आठ.
मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं:
जाड कागद, रद्दीत चांगला भरेल.
'यायचंच हं ढोबळेभिया,' म्हणाली,
'निम्मं सामान तुमचंच आहे.'

गेलो. इस्त्रीचा सदरा घालून.
दाराशी एक बाई कुणाला तरी सांगत होती,
हे शहर इतकं स्वच्छ, की कलावंताला इथे
रस्त्यावर पडलेलं काही सापडतच नाही,
विकत घ्यावं लागतं.
खरंय. माझ्याकडूनच घेतलं. बिल आहे.

सवय वाईट. वस्तू दिसली की मनात काटा हलतो.
सायकलच्या चेनींचा मोर: लोखंड, चार किलो, तीसचा भाव.
नळाच्या तोट्यांचं झाड: पितळ म्हणून दिलं होतं,
निम्म्या तोट्या जस्ताच्या, वरून मुलामा.
धोट्यांची होडी: लाकडाला भाव नाही,
टोकांना पोलाद, तेवढंच.

मिल बंद पडली तेव्हा पोत्यांनी आले होते हे धोटे.
धोट्यांपाठोपाठ डबे,
डब्यांपाठोपाठ पराती, बंब,
आणि शेवटी एकानं
दाराची कडी आणली होती काढून.
तोलायचे दादा.
मी पोत्याचं तोंड धरायचो.

मग आतली खोली.
छताला टांगलेली तराजूची दांडी,
दोन टोकांना साखळीनं दोन वजनं. बाकी काही नाही.
दोन्हींवर ठसा: ५ किलो.
दांडी तिरपी.

लोक थांबत होते.
चष्मेवाला एक म्हणाला, न्यायव्यवस्थेवर आहे हे.
एक पोरगी म्हणाली, बाई आणि पुरुष.
कुणाला वाटलं, आत चुंबक असेल.
एका पोरानं वरचं वजन बोटानं खाली ओढलं,
सोडलं. ते आपलं पुन्हा वर.
आई ओरडली, हात नको लावू, आर्ट आहे!

मी ओळखलं. न ओळखायला काय झालं.
खालचं घ्यायचं. वरचं द्यायचं.
घ्यायच्याच्या बुडाशी दादांनी शिसं ओतून घेतलेलं,
छावणीतल्या एका लोहाराकडून, रात्री.
द्यायच्याच्या बुडात भोक,
भोकात लाख, लाखेवर काजळी.
नावाला सख्खी भावंडं:
एक सव्वापाच, एक पावणेपाच.
एक गल्ल्यापाशी, एक फळीखाली,
आणि मी आठ वर्षांचा असताना धंद्याचा पहिला धडा:
अदलाबदल करायची नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, दादा गेले,
वजनं भंगारात.
रेवाताईला मीच विकली, दोन्ही एकदम ठेवून.
काट्यानं दाखवलं दहा.
बरोब्बर दहा. पॉइंटनंतर शून्य शून्य.

ती चहा घेऊन आली. 'कसं वाटलं?'
'दांडी तिरपी बसलीय,' मी म्हणालो,
'मधला खिळा इंचभर सरकवला तर...'
'मी काहीच केलं नाही,' ती म्हणाली,
'नुसती टांगली.'
आणि बशी माझ्या हातात देऊन
उभी राहिली, कुठेच न बघता.

भिंतीवर चिठ्ठी. शीर्षक नाही.
साहित्य: सापडलेलं.
किंमत: विचारावी.

चहा गार झाला.
सव्वापाचात पावणेपाच गेले, अर्धा.
अर्धा गुणिले दिवसाचे शंभर, दीडशे,
गुणिले ते एक साल... हिशेब सोडला.
कडीचंच आठवत राहिलं.
ती काट्याला लागलीच नव्हती.
दादा म्हणाले होते, टाक पोत्यात,
आणि त्या माणसाला अर्धा चहा सांगितला होता.
तो चहा न घेताच गेला, सायकल हातात धरून.

आठ वाजत आले. एक दिवा बंद झाला.
मी तिसऱ्यांदा सगळी दालनं फिरलो,
मोर, झाड, होडी,
होडीच्या खाली वाकूनसुद्धा पाहिलं.
कडी कुठेच नव्हती.